वरच्या तळ्याच्या उणिवा

"जिथं कोणी जात नाही अशी एखादी जागा सांगा ना," असं म्हणणारा सकाळपासूनचा हा कितवा माणूस, हे मोजायचं माहिती केंद्राच्या खिडकीतल्या ताईंनी केव्हाच सोडलं होतं. या माणसाच्या डोक्यावर हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी होती. त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या तिघांच्या डोक्यावरही तशीच टोपी होती, आणि प्रश्नही तोच असणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"जिथं कोणी जात नाही," ताई म्हणाल्या, "तिथं जायला रस्ता नसतो. म्हणूनच कोणी जात नाही."

"तसं नव्हे. रस्ता असावा, पण कोणी जात नसावं."

"स्वच्छतागृह?"

"ते तर हवंच."

"कॉफी?"

"मिळाली तर उत्तमच."

"मग मोठ्या तळ्यावर जा."

"पण तिथं सगळेच जातात!"

"कारण तिथं रस्ता आहे, स्वच्छतागृह आहे आणि कॉफी बरी मिळते."

टोपीवाल्यानं मोठ्या तळ्याचं माहितीपत्रक उचललं आणि ताईंनी त्याच्या वाटणीचं रिकामं तळं आत कपाटात लपवून ठेवलंय असं तोंड करून तो निघून गेला.

देश तसा एवढासा. सकाळी एका सरहद्दीवर दाढी करायला बसलेला माणूस दुपारी दुसऱ्या सरहद्दीवर जेवायला पोचेल. पण देताना निसर्गानं हात आखडता घेतला नव्हता. डोंगर, तळी, धबधबे, खिंडी, जंगलं, सगळं दाटीवाटीनं भरलेलं. बघायला जगभरातून लोक येत, बस स्थानकासमोरच्या पर्यटन माहिती केंद्रात शिरत आणि दोन खिडक्यांपैकी एका खिडकीशी उभे राहत. भिंतीवर देशाचा मोठा नकाशा होता. त्यावर 'तुम्ही इथे आहात' असं लिहिलेली जागा इतक्या बोटांनी घासली होती की आपण कुठं आहोत हे आता नेमकं कोणालाच कळत नसे.

दुरून डोंगर साजरे हे म्हणायला ठीक. ताईंच्या खिडकीवर येणाऱ्यांना ते जवळून, सावलीत बसून आणि पार्किंगसह साजरे हवे असत. धबधबा किती वाजता बंद होतो, असं विचारणारे होते. डोंगरावर चढून आल्यावर, वरून डोंगर दिसतच नाही, अशी तक्रार करणारे होते. एका बाईंनी तळं बघून परत येऊन सांगितलं होतं, "अगदी फोटोतल्यासारखंच आहे हो. नवीन काहीच नाही." त्या दिवशी ताईंनी कपाळाला हात लावला, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या खिडकीवर नकाशेकाका बसत. बोलताना नकाशा उलगडायचा आणि तो पुन्हा नीट घडी होईपर्यंत बोलत राहायचं, या सवयीवरून त्यांना हे नाव पडलं होतं. आणि घडी कधीच नीट होत नसे.

दोन्ही खिडक्यांच्या आतल्या बाजूला, फक्त बसणाऱ्याला दिसेल असा, एक नियम चिकटवलेला होता. नात्यातल्या कोणाची राहण्याखाण्याची जागा असेल तर ती आपणहून सुचवायची नाही. पर्यटकानं स्वतः विचारलं तर खरं सांगायचं, आणि आधी उणिवा, मग बाकीचं. हा नियम केंद्राच्या साहेबांनी केला तो मेव्हण्याच्या होडीमुळे. पूर्वी ताईंच्या जागी एक गृहस्थ बसत. कोणी डोंगराचं विचारो की जंगलाचं, ते सगळ्यांना मेव्हण्याच्या होडीतच पाठवत. शेवटी एक दिवस इतकी माणसं चढली की होडी काठाजवळच चिखलात बसली, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या पर्यटकांचा फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला.

एवढ्याशा देशात निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांचे नातेवाईक. त्यामुळे नियमाला वळसा घालायला सगळे शिकले. नकाशेकाकांच्या साडूचं हॉटेल होतं आणि साडूला नात्यात धरत नाहीत, असं काकांचं ठाम मत होतं. नियम अक्षरशः पाळणाऱ्या एकट्या ताई. नेमकी त्यांचीच आत्या वरच्या तळ्याशी राहत होती आणि तिच्याच घराच्या माडीवर पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या.

आत्याचा फोन रोज सकाळी यायचा, केंद्राचं दार उघडायच्या आत.

"अगं, आज तरी कोणाला पाठवतेस का?"

"आत्या, मी पाठवत नाही. लोक जातात."

"मग जाऊ दे की त्यांना. तू आडवी कशाला येतेस?"

"मी आडवी येत नाही. नियम आहे."

"सख्खी भाची खिडकीत बसलीय आणि माझ्या खोल्यांत कोळी जाळी विणताहेत. त्या काचेच्या पुलावर पाठवतेस लोकांना. खालचं दिसावं म्हणून काचेचा पूल बांधायचा आणि वर उभं राहून डोळे मिटायचे. त्यापेक्षा माझ्या ओट्यावर डोळे मिटून बसा म्हणावं, फुकटात."

"आत्या, रांग लागलीय."

"लागणारच. सगळे काचेच्या पुलाचे."

आत्याची घाई उगाच नव्हती. तिचा मुलगा, ताईंचा आतेभाऊ, शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. माणूस वाईट नव्हता. गेल्या थंडीत आत्या जिन्यावरून घसरली. वरच्या तळ्याचा रस्ता थंडीचे तीन महिने बर्फानं बंद असतो, शेजारची माणसं तेवढ्यापुरती खाली गेलेली. रात्रभर ती जिन्याच्या पायथ्याशी पडून होती. सकाळी बर्फ तुडवत दूधवाला आला म्हणून कळलं. तेव्हापासून मुलाचा एकच हेका होता: थंडीत घरात दुसरं माणूस राहणार असेल तर माझी ना नाही. नसेल, तर घराला कुलूप लावायचं आणि कायमचं माझ्याकडे यायचं.

"मी काय तुरुंगात नेतोय का तिला?" तो ताईंना म्हणाला होता. "खोली आहे, हीटर आहे, नातवंडं आहेत. लिफ्ट तर मी स्वतः बघतो."

आत्याचं म्हणणं निराळं होतं. "तिसऱ्या मजल्यावर माणसं राहतात का? कबुतरं राहतात."

तेव्हा मुद्दा साधा होता. उन्हाळ्यात पाहुणे आले, घराची माहिती चार लोकांना झाली, तर त्यातलं कोणीतरी थंडीत राहायला तयार होईल. कोणी झालं नाही, तर आत्या तिसऱ्या मजल्यावर. आणि शाळेची प्रत्येक सुट्टी ज्या घरात काढली त्या घराचं नाव ताई स्वतःच्या तोंडानं घेऊ शकत नव्हत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा पाठीवर मोठ्या पिशव्या अडकवलेलं एक तरुण जोडपं आलं. त्यांना मोठं तळं नको होतं, किल्ला नको होता, काचेचा पूल तर त्यांनी हसण्यावारी नेला. ताईंना आतून चीड येत चालली होती. तेवढ्यात मुलीनं नकाशावर एका निळ्या ठिपक्याशी नख टेकवलं.

"हे काय आहे?"

ताईंनी एकदा नियमाकडे बघितलं.

"वरचं तळं. तिथं माझ्या आत्याच्या दोन खोल्या आहेत, म्हणून मला आधी उणिवा सांगाव्या लागतील."

"सांगा की."

"बस दिवसातून एकदाच जाते आणि तीच परत येते. चुकली की चुकली. मोबाइल लागत नाही. दुकान नाही. तळं लहान आहे, चहा गार व्हायच्या आत फेरी मारून होते. होडी नाही. खोल्यांची जमीन लाकडी आहे, पाय ठेवला की करकरते. एक खिडकी नीट लागत नाही. पहाटे कोंबडा ओरडतो, आणि तो शेजाऱ्यांचा असल्यामुळे त्याला कोणी काही बोलू शकत नाही. मालकीण फार बोलते."

जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं.

"मोबाइल अजिबात लागत नाही?" मुलीनं हलक्या आवाजात विचारलं. सोन्याचा भाव उतरल्याचं कानावर आलं की बायका विचारतात तसं.

"अजिबात."

"बस किती वाजता आहे?"

"थांबा, चांगलं काय आहे ते अजून सांगितलं नाही मी."

"नको, नको, एवढं पुरे आहे!" आणि दोघं रस्ता ओलांडून बसकडे पळाले सुद्धा.

ताईंना वाटलं, तरुण आहेत, डोकं जरा फिरलेलं असतं. पण मग चार म्हातारे मित्र आले, त्यांनी कुठूनतरी ऐकून वरच्या तळ्याचं विचारलं. ताईंनी उणिवा सांगितल्या. तेही गेले. मग एक डॉक्टरीणबाई. मग दोन बहिणी. नियम पाळण्यात आपण कुठं कमी तर पडत नाही ना, अशी शंका येऊन ताईंनी उणिवा जास्त कडक केल्या. गरम पाणी यायला अर्धी आंघोळ थंड पाण्यानं होते. माडीचा जिना अरुंद आहे. संध्याकाळी करायला काही म्हणजे काहीही नाही.

"काहीही नाही?" बहिणींमधल्या थोरलीनं डोळे मिटून विचारलं.

"काहीही नाही."

"अगं, ऐकलंस का?" ती धाकटीला म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता.

पुढं पुढं लोक थेट विचारायला लागले, "कोंबडा आहे ना अजून?"

नकाशेकाका हे सगळं शेजारून बघत होते. एक दिवस त्यांनी नकाशाची घडी अर्धवट सोडली. "ताई, मी साडूच्या हॉटेलचं इतकं गुणगान करतो. बाल्कनीतून तळं दिसतं, चोवीस तास गरम पाणी, सगळं सगळं. लोक म्हणतात, बघू. आणि तुम्ही करकरणारी जमीन विकता!"

"मी काहीही विकत नाही. मी खरं सांगते."

"तेच म्हणतो मी. मला पण शिकवा जरा."

ताईंना रात्री झोप लागेना. आपल्याकडून मेव्हण्याच्या होडीसारखं तर काही होत नाही ना? शेवटी त्या साहेबांकडे गेल्या. साहेब खुर्चीत बसून, ऑगस्टमध्ये बर्फ का नाही, या तक्रारीचं उत्तर लिहीत होते.

"तुम्ही खोटं सांगितलंत का?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"नाही."

"आपणहून सुचवलंत?"

"एकदाही नाही."

"उणिवा आधी?"

"उणिवाच फक्त, साहेब. पुढचं कोणी ऐकूनच घेत नाही."

साहेबांनी भुवया चोळल्या. "मग तुमची तक्रार काय आहे?"

"लोक जाताहेत."

"ताई, हे पर्यटन खातं आहे. लोकांनी जावं म्हणूनच ते आहे. आता मला या बर्फवाल्यांना काय लिहू ते सांगा."

आत्या मात्र खूष होती. सकाळचे फोन थांबले, कारण तिला सकाळी वेळच नसे. कधी संध्याकाळी फोन करायची आणि नुसतं पाहुण्यांचं कौतुक. "बघ, माझ्या घराची कीर्ती कशी आपोआप पसरली. तुझ्या त्या खात्याची गरजच पडली नाही." पण उन्हाळा सरला, पानं गळली, पाहुणे आटले. येणारे सगळे आठवडाभराचे. तळं गोठायला लागल्यावर थांबायचं म्हटलं की प्रत्येकाला घरची कुंडीतली झाडं आठवायची. बर्फ पडायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी आतेभावानं टेम्पो सांगून ठेवला.

आणि नेमकं तेव्हाच, शेवटच्या पाहुण्यानं जाता जाता आत्याला हसत हसत सांगितलं की शहरातल्या त्या खिडकीतल्या बाई तुमच्या घराबद्दल काय काय सांगतात.

गुरुवारी सकाळी केंद्रात बरीच गर्दी होती. ताईंनी मान खाली घालूनच पुढच्याला "बोला" म्हटलं.

"मला एक जागा सुचवा," समोरून आवाज आला. "जिथं भाची आपल्या आत्याच्या घराची नालस्ती करत नाही अशी."

ताईंनी वर बघितलं. आत्या होती. ठेवणीतला हिरवा स्वेटर, काखेत पर्स, गाल रागानं लाल. ती रांगेत उभी राहून आली होती.

"आत्या, तू? आत ये ना, बस जरा."

"मी आत येणार नाही. मी पर्यटक आहे. जमीन करकरते म्हणे! ती जमीन तुझ्या आजोबांनी घातलीय. आणि मी फार बोलते?"

"हळू बोल ना."

"बघ! आता हळू बोल. कोंबड्याचं एक सोड, तो कोंबडा खरंच मेला वाईट आहे. पण मी तुला लहानाची मोठी करताना एकदा तरी म्हटलं का कोणाला, की या पोरीचे दात पुढं आहेत?"

नकाशेकाकांनी नकाशाआड तोंड लपवलं. नकाशा हलत होता.

"अगं, मला तसं सांगावंच लागतं. आणि ते ऐकूनच लोक तुझ्याकडे येतात."

"नालस्ती ऐकून कोणी येतं का? मला वेडी समजतेस? लोक येतात ते घर चांगलं आहे म्हणून. तू सरळ बोलली असतीस तर आणखी आले असते. आणि मग कदाचित..." ती तिथंच थांबली. पुढचं वाक्य रविवारच्या टेम्पोचं होतं.

रांगेत आत्याच्या मागं एक जोडपं उभं होतं, दोघंही साठीच्या आसपासची. बाई चटपटीत. नवरा उंच, खांद्याला पेटी, पेटीतून बाहेर डोकावणारा, केसाळ टोपडं घातलेला माइक. बाईंना वाट बघून कंटाळा आला होता.

"तुमचं घरगुती आटोपलं असेल तर आमचं ऐकता का? आम्हाला थंडीचे तीन महिने राहायला जागा हवी आहे. हे पक्ष्यांचे आवाज टिपतात. एकदम शांत जागा हवी."

पण ताईंनी तोंड उघडायच्या आधीच आत्या गर्रकन वळली होती.

"अहो, मग माझ्याकडेच या की! वरच्या तळ्याला. काय सुंदर जागा म्हणून सांगू! यंदा तर नुसती रीघ लागली होती. रोज नवे पाहुणे, रात्री गप्पा, हसणं-खिदळणं. मी स्वतः गाणी म्हणते. एकटं म्हणून वाटणार नाही तुम्हाला! सगळे म्हणतात, असं गजबजलेलं घर नाही बघितलं."

पक्षीवाल्याचा चेहरा उतरत गेला. बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "हो का? छान. विचार करतो हं आम्ही." आणि ताईंकडे वळून, घाईनं, "त्या दुसऱ्या खिंडीचं माहितीपत्रक देता का?"

ताईंनी दिलं. दोघं दाराकडे निघाली. आत्या त्यांच्या पाठीकडे बघत होती. चेहऱ्यावरचा राग उतरला होता आणि त्याखाली जे होतं ते ताईंना बघवेना.

नियम डोळ्यांसमोर चिकटवलेला होता. आपणहून सुचवायचं नाही. जोडप्यानं वरच्या तळ्याचं विचारलंच नव्हतं.

"अहो, थांबा!" ताई उठून उभ्या राहिल्या. "वरच्या तळ्याचं मी सांगते. ही माझी आत्या आहे. म्हणून आधी उणिवा."

नकाशेकाकांनी नकाशा खाली केला.

"हिनं सांगितलं ते उन्हाळ्याचं. थंडीत तिथं चिटपाखरू नसतं. म्हणजे चिटपाखरंच असतात. रस्ता बंद होतो. बस बंद. दूधवाला आठवड्यातून दोनदा, तोही आला तर. शेजारी खाली जातात आणि कोंबडा बरोबर नेतात. मोबाइल लागत नाही, खाली स्वयंपाकघरात एक जुना फोन आहे तेवढाच. जमीन करकरते, तळ्याकडची खिडकी लागत नाही."

बाई परत खिडकीशी आल्या होत्या. नवऱ्याचे डोळे चमकत होते. आणखी एक शब्द न बोलता ताई गप्प बसल्या असत्या तरी काम झालं असतं. पण मोठी उणीव राहिली होती, आणि ती गाळली तर मेव्हण्याच्या होडीत आणि यात फरक काय?

"आणि मालकिणीचं वय झालंय," त्या म्हणाल्या. "गेल्या थंडीत ती जिन्यावरून पडली. रात्रभर पडून होती, कोणाला पत्ता नाही. तुम्ही राहिलात आणि पुन्हा तसं झालं, तर धावायला दुसरं कोणी नसेल. तुम्हालाच धावावं लागेल. हे सांगितल्याशिवाय तुम्हाला पाठवणं बरोबर नाही."

"कार्टे!" आत्या पुटपुटली.

बाईंचा चेहरा गंभीर झाला. कोणालाही भुरळ पडावी अशी ही उणीव नव्हती. त्यांनी आत्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खरं का हो?"

"एकदाच पडले," आत्या म्हणाली. "आणि आता पडणार पण नाही. रविवारी मुलगा टेम्पो घेऊन येतोय. घराला कुलूप."

"आम्ही काही कोणाला सांभाळायला आलेलो नाही," बाई म्हणाल्या. "स्पष्ट सांगते. आम्हाला शांतता हवी आहे."

"मला तरी कुठं कोणी सांभाळायला हवंय? मला काय धाड भरलीय?"

दोघी एकमेकींकडे रागानं बघत राहिल्या. एवढ्यात इतका वेळ एक अक्षरही न बोललेला पक्षीवाला म्हणाला, "खिडकी तळ्याकडची लागत नाही ना? म्हणजे माइक आतूनच बाहेर धरता येईल. भिजणार नाही."

"तुमचं काय मध्येच?" बाई म्हणाल्या. मग आत्याला, "जमीन कुठली करकरते? वरची की खालची?"

"सगळीच," ताई म्हणाल्या. "जिना पण."

"मग या मालकीणबाईंचं चालणं वर ऐकू येईल. आवाज थांबला तर खाली येऊन बघू, एवढं करता येईल. त्यापेक्षा जास्त नाही. आणि वरची झाडलोट आम्ही करणार. यांनी जिना चढायचा नाही. हे मान्य असेल तर बघून येतो."

"माझ्याच घरात मला जिन्याची बंदी?" आत्या कडाडली.

"आत्या," ताई दातओठ खात म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्याला जिना नाही, लिफ्ट आहे. जायचंय का?"

आत्यानं पर्स एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग कोणाकडेही न बघता जोडप्याला म्हणाली, "बस पलीकडच्या फलाटावर लागते. पुढची जागा धरा, मागं पोटात ढवळतं." आणि ताईंना एक शब्दही न बोलता ती त्यांच्यापुढं ताडताड चालत बाहेर पडली.

"मेव्हण्याची होडी," नकाशेकाका हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या, आणि खिडकी बंद करून स्वतःच साहेबांना सांगायला गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, दोन महिने त्यांना पत्रकांच्या गोदामात बसवलं आणि खिडकीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवलं. नवीन माणूस टोपीवाल्यांशी फार गोड बोलतो असं ऐकू आलं. गोदामात पर्यटक नव्हते. शिक्षा म्हणून ती फारच हलकी होती, पण ते ताईंनी साहेबांना कळू दिलं नाही.

आत्यानं महिनाभर फोन केला नाही. रविवारचा टेम्पो रिकामा परत आला एवढं आतेभावाकडून कळलं. "ती बाई मलाच म्हणाली, तुमच्या आईचं बोलणं पाचनंतर बंद ठेवा," तो म्हणाला. रागावला होता की सुटला होता, हे आवाजावरून कळेना.

मग एक दिवस, रस्ता बंद होऊन बरेच दिवस झाल्यावर, गोदामातला फोन वाजला.

"कुठून शोधून आणलीस गं ही माणसं?" ना हॅलो, ना कशी आहेस. "दिवसभर तोंडाला कुलूप! मी बोलायला लागले की ती बाई तोंडावर बोट ठेवते. माझ्याच स्वयंपाकघरात! तो तर रात्री जेवताना कानात भोंगे घालून दिवसभर टिपलेले आवाज ऐकत बसतो आणि मग म्हणतो, तुमच्या प्रत्येक पक्ष्यामागं मी आहे. नाही, माझ्या प्रत्येक पक्ष्यामागं तुम्ही आहात, असं काहीतरी. मी काय घुबड आहे? आणि काल मी नुसती खुर्चीत डोळा लावून बसले होते, तर दोघं धाडधाड जिना उतरून आली. म्हणे आवाज थांबला होता! म्हणजे बोलले तरी पंचाईत, गप्प बसले तरी पंचाईत. दुसरं कोणीतरी पाठव बाई."

"रस्ता बंद आहे, आत्या."

"मग उघडल्यावर पाठव. पण आधी नीट सांग त्यांना, काय?"

"काय सांगू?"

"सगळं चांगलं सांग. आणि तुला तसंच सांगायचं असेल, तर सांग की वरच्या खोलीत एक माणूस राहतो, तो फार शांत आहे. एवढी मोठी उणीव ऐकल्यावर बघतेच कोण येतं ते."

ताईंनी फोन कानापासून जरा लांब धरला. पलीकडून आत्या बोलतच होती, आणि तिच्या बोलण्याच्या मागं, कोणीतरी चिडून "शूऽऽ" करत असल्याचं अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.